काचेपलीकडच्या माशाचे छायाचित्र

प्रश्न : मत्स्यपेटीतील माशांची छायाचित्रे धूसर येतात आणि त्यांत खोलीचेच प्रतिबिंब उमटते, यावर उपाय कोणता? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून काचेसमोरील उजेडाचा असतो, म्हणून खोलीतील दिवे मालवून, पेटीवरचा दिवा तेवढा चालू ठेवून, भिंग काचेच्या अगदी जवळ नेल्यास प्रतिबिंबाला फारसा वाव उरत नाही. भिंग काचेला काटकोनात धरणे याहूनही महत्त्वाचे आहे, कारण तिरप्या कोनातून पाहताना पाणी, काच आणि हवा यांच्या सीमांवर प्रकाशकिरण वाकतात, ज्याला अपवर्तन म्हणतात, आणि निरनिराळे रंग कमीअधिक वाकल्याने माशाच्या कडांना रंगीत झालर येऊन खवले पुसट होतात. शटरगती, म्हणजे प्रकाश आत येण्याचा काळ, सुमारे १/२०० सेकंद ठेवावी. फ्लॅश लागलाच तर त्याचा उजेड वरून पाण्यात सोडावा.

गडहिंग्लजवरून वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीला आढळलेला आणि २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला शिस्तुरा हिरण्यकेशी याच्यासारखे तळाशी वावरणारे मासे टिपताना कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरवावा; मात्र तो मासा पेटीसाठी मुळीच आणू नये, कारण त्याचे ते स्थान २०२१ पासून जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित आहे.