जर्मनमार्गे उत्तरेकडे: दोन भाषांच्या पदवीची आखणी

बारावीनंतर जर्मन घेऊन बीए करणारी मुलं पुण्या-मुंबईत नवी नाहीत. पण त्यांच्यातल्या एखादीला नॉर्वेचा नाटककार इब्सेन मुळातून वाचायचा असतो, एखाद्याला आइसलँडच्या जुन्या सागांचं, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन गद्यकथांचं, वेड लागलेलं असतं, आणि त्यांना पुढची वाट सांगणारं कुणी भेटत नाही. भारतात जर्मनची पदवी अनेक ठिकाणी मिळते, स्कँडिनेव्हियन भाषांची मिळत नाही. दोन्ही एकत्र शिकायच्या असतील, तर आपल्याकडच्या मुलांना सगळ्यांत परवडणारी वाट जर्मनीतून जाते, असं माझं ठाम मत आहे. जर्मन इथेच पक्की करायची आणि जर्मन विद्यापीठात तिच्या जोडीला स्कँडिनेव्हियन विषय घ्यायचा. ही वाट कशी आखायची, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी घरी बसूनच चढायची आहे. हा विषय आपल्याला खरंच हवा आहे का, हे आधी तपासा. जर्मनिस्टिक किंवा स्कँडिनेव्हिस्टिक, म्हणजे या भाषा-साहित्यांचा विद्यापीठीय अभ्यास, हे संभाषणाचे वर्ग नव्हेत. तिथे भाषाशास्त्र असतं, मध्ययुगीन हस्तलिखितांचा अभ्यास असतो, कविता-नाटकांचं बारकाईनं वाचन असतं. तेव्हा अर्ज करण्याआधी इब्सेनचं ‘डॉल्स हाउस’, जर्मन नाटककार ब्रेख्तचं एखादं नाटक आणि एखादी आइसलँडिक सागा अनुवादात का होईना, वाचून काढा. मराठी वाचकाला हे जग परकंही नाही. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलेलं ‘आंधळ्यांची शाळा’ नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेलं होतं. पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून आला, खानोलकरांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ही ब्रेख्तचंच. नॉर्वेजियन मुळातून थेट मराठीत आणू शकणारी माणसं मात्र आजही फार थोडी आहेत. ज्याला हे काम करावंसं वाटतं, त्याने ही पदवी जरूर घ्यावी. केवळ परदेशी नोकरीसाठी भाषा हवी असेल, तर दुसरी पदवी घेऊन जर्मन शिकवणीत शिकणं जास्त सोयीचं.

वाचताना उत्तरेकडची कोणती भाषा जवळची वाटते, याकडेही लक्ष ठेवा. डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की एक नीट आली की बाकीच्या दोन वाचता येतात. आइसलँडिकचं व्याकरण जुनं आणि अवघड, पण सागांकडे जायचं तर तीच हवी. फिनिश या भाषाकुटुंबातली नाही. तिचं नातं एस्टोनियनशी आहे.

दुसरी पायरी जर्मनची, आणि सगळ्यांत जास्त वेळ तिलाच द्यावा लागतो. आपल्याकडे बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येते. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये टप्प्याटप्प्याचे वर्ग असतात. जर्मनीत हा विषय जर्मनमधूनच शिकवतात. त्यामुळे साधारणपणे सी१ (सहांपैकी पाचवी) पातळी गाठावी लागते आणि ती टेस्टडाफ, डीएसएच किंवा तत्सम परीक्षेने दाखवावी लागते. टेस्टडाफमध्ये बहुतेक विद्यापीठं चारही भागांत ४ श्रेणी मागतात. बी१ झालं म्हणजे पुरे, असं सांगणाऱ्या एजंटावर विसंबू नका. बी१वर फार तर पूर्वतयारीच्या वर्गाचा विचार करता येतो.

तिसरी पायरी प्रवेशाच्या पात्रतेची. इथेच बहुतेक घरांत गोंधळ होतो. आपली बारावी जर्मनीत सहसा थेट प्रवेशाला पुरत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला स्टुडिएनकोलेगचा: दोन सत्रांचा पूर्वतयारी वर्ग आणि शेवटी परीक्षा. त्यात जर्मनिस्टिकसाठी ‘जी’ वर्ग असतो आणि इतर भाषाविषयांसाठी ‘एस’. दुसरा उपाय मला जास्त पटतो. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेच्या पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करा, म्हणजे साधारणपणे त्या शाखेपुरता थेट प्रवेश खुला होतो. फर्ग्युसन महाविद्यालयात जर्मन घेऊन बीए सुरू करता येतं. दिल्ली विद्यापीठात आणि जेएनयूत जर्मन ऑनर्स आहे, तिथला प्रवेश सीयूईटीतून होतो. हैदराबादचं इफ्लू हे भाषा विद्यापीठही आहे. त्या वर्षात जर्मन बी२च्या पुढे जाते आणि हा विषय झेपतो की नाही, तेही कळतं. परदेशी जाणं जमलं नाही, तरी चालू असलेली पदवी हातात राहते. तुमच्या गुणपत्रिकेला नेमका कोणता नियम लागू होतो, हे त्या-त्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून लेखी विचारा.

चौथी पायरी विद्यापीठ निवडण्याची. दोन विषयांचा बॅचलर असेल तेच बघा, कारण त्यातच जर्मन आणि स्कँडिनेव्हियन बरोबरीने घेता येतात. अभ्यास सहसा सहा सत्रांचा, १८० श्रेयांकांचा असतो. कील हे माझ्या यादीत वरचं नाव. एकोणिसाव्या शतकात १८६४च्या युद्धापर्यंत हे शहर डॅनिश राजाच्या अमलाखाली होतं आणि डेन्मार्कची सीमा तिथून जवळ आहे. ग्राइफ्सवाल्डही तितकंच मनात भरणारं. त्याचं विद्यापीठ १४५६चं, आणि १६४८ ते १८१५ हा मुलूख स्वीडनच्या ताब्यात होता. या शहरांत उत्तरेच्या भाषांचा अभ्यास रुजला, त्यामागे हा इतिहासही आहे. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात उत्तर युरोपचा समाज आणि राजकारणही अभ्यासक्रमात येतं. फ्रायबुर्ग आणि ट्युबिंगेनही नावाजलेली, पण ती बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो शुल्क पडतं. बहुतेक इतर सरकारी विद्यापीठांत फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. कोणत्या भाषा यंदा शिकवल्या जाताहेत, हे विभागाच्या चालू सत्राच्या वेळापत्रकात पाहा. लहान विभागांत शिक्षक बदलला की भाषाही बदलते.

इतर देशांचं थोडक्यात. अमेरिकेत मॅडिसन, सिअ‍ॅटल, बर्कली इथे आणि ब्रिटनमध्ये एडिनबराला हा विषय चांगला आहे, पण शिष्यवृत्तीशिवाय खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर जातो. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड आपल्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतात. नॉर्वेही २०२३पासून घेऊ लागला. आइसलँडचं सरकारी विद्यापीठ नोंदणी शुल्कावर ‘परभाषा म्हणून आइसलँडिक’ ही पदवी देतं. सागांसाठीच निघालेल्याने त्याचा जरूर विचार करावा.

पाचवी पायरी पैशांची आणि कागदांची. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. २०२४च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. रक्कम अधूनमधून वाढते, म्हणून थोडी जास्त धरून चाला. २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलं जाणारं एपीएसचं प्रमाणपत्रही लागतं. ते हाती यायला आठवडेच्या आठवडे जातात. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलैला संपते. आपला निकाल मे-जूनमध्ये लागतो, म्हणजे मधे उसंत फारच कमी. म्हणून एपीएससाठी लागणारी कागदपत्रं आणि भाषेची परीक्षा त्याआधीच्या हिवाळ्यात उरकून घ्या. अनेक विद्यापीठं अर्ज युनि-असिस्ट या सामायिक अर्ज-सेवेमार्फत घेतात. त्याचं शुल्क पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतं. चार ठिकाणी अर्ज करा, एकावर विसंबू नका.

सहावी पायरी तिथे पोहोचल्यावरची. पहिल्याच सत्रात एक आधुनिक स्कँडिनेव्हियन भाषा घ्या आणि तिचा रोजचा सराव चुकवू नका. जर्मनवर पकड असेल तर डॅनिश-स्वीडिशची शब्दसंपत्ती झपाट्याने ओळखीची होते. प्राचीन नॉर्सचा वर्ग असेल तर तो दुसऱ्या वर्षापर्यंत लांबवू नका, कारण जर्मन आणि उत्तरेकडच्या भाषा एका मुळापासून कशा फुटल्या, हे तिथे डोळ्यांसमोर उलगडतं. चौथ्या-पाचव्या सत्रात इरॅस्मस या युरोपीय देवाणघेवाण योजनेमार्फत बर्गेन, उप्साला किंवा ऑरहूससारख्या ठिकाणी जाता येतं का, ते विभागात विचारा. देवाणघेवाणीत यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, आणि जर्मन विद्यापीठात नाव नोंदवलेल्या भारतीय विद्यार्थ्यालाही ही सोय मिळते. जागा मोजक्या असतात. शिवाय जर्मनीच्या निवास परवान्यावर डेन्मार्क किंवा नॉर्वेत सत्रभर राहता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणून ही चौकशी दुसऱ्या सत्रातच सुरू करा.