परवलीचा शब्द विसरल्यास

कार्यालयातील अनेक संगणकांना एकच मुद्रणयंत्र पुरवावयाचे असल्यास मध्ये प्रिंट सर्व्हरची लहानशी पेटी बसविलेली असते. तिच्या व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द जाणणारे गृहस्थ बहुधा बदलून गेलेले असतात! अशा वेळी तर्काने शब्द शोधीत बसणे व्यर्थ होय.

एच.पी. जेटडायरेक्ट ही जुनी, परिचित पेटी उदाहरणादाखल घेऊ. विसरलेला शब्द तिच्यातून परत मिळत नाही. तो पुसावाच लागतो. वीज तोडून, 'टेस्ट' ही कळ दाबून धरून वीज पुन्हा जोडली की तो पुसला जातो. मात्र त्यासोबत पेटीचा आय.पी. पत्ताही जातो आणि खरी अडचण येथेच उद्भवते. संगणक जुन्याच पत्त्यावर मजकूर पाठवीत राहतात व महिनाअखेरची वेतनदेयके अडून बसतात. म्हणून वीज तोडण्यापूर्वी तीच कळ एकदा नुसती दाबावी. मांडणीचा तक्ता छापून निघतो. तो जपून ठेवावा. पुसल्यानंतर तक्ता पुन्हा छापून नवा पत्ता पाहावा, त्यावरून व्यवस्थापनाचे पृष्ठ उघडावे आणि जुने आकडे भरावेत. नवा शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखांकडे द्यावा व कार्यभार सोपविण्याच्या यादीत त्या पाकिटाची नोंद करावी.