आधी खातं निवड

अगं, तुझा मेसेज वाचला. "ताई, मला फिल्म लाईनमध्ये यायचंय. ॲक्टिंग नको, मागचं काहीतरी चालेल." ॲक्टिंग नको म्हणालीस ते वाचून बरं वाटलं, पण "मागचं काहीतरी" खटकलं. कुठल्याही सेटवर 'काहीतरी' नावाचं खातं नसतं. लाईट, साउंड, कॅमेरा, आर्ट, कपडे, मेकअप, प्रॉडक्शन, डायरेक्शन अशी खाती असतात, आणि प्रत्येक खात्यात आपापल्या कामात मुरलेली माणसं असतात. त्यांच्यासमोर जाऊन "मला काहीही चालेल" म्हटलंस, तर पहिल्या दिवशी चहा द्यायला लावतील आणि वर्षभर तेच करायला लावतील. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

कॅमेऱ्याचं तुला अप्रूप नाही, हे मला ठाऊक आहे. राळेगणसिद्धीच्या पोरीला ते कसलं असणार? डिसेंबर २०१३ मध्ये लोकपालसाठी यादवबाबा मंदिराजवळ अण्णा हजारे उपोषणाला बसले, तेव्हा तू शाळेत होतीस. पुन्हा ३० जानेवारी २०१९ ला बसले, तेव्हाही गावात टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅनची रांग लागली. 'अण्णा' नावाचा हिंदी सिनेमा २०१६ मध्ये आला, त्याचंही काही शूटिंग तुमच्या गावात झालं. सगळ्या देशाने टीव्हीवर अण्णा पाहिले. तू मात्र व्हॅनमधला इंजिनिअर पाहिलास, रस्त्यावरून केबल ओढणारा पोरगा पाहिलास, स्टँडला पाठ टेकून डुलकी काढणारा कॅमेरामन पाहिलास. आता जरा आठव, त्या गर्दीत तुझं लक्ष कोणाच्या हातातल्या कामाकडे जात होतं? तुझं खातं बहुधा तिथेच आहे.

माझं काम कंटिन्युइटीचं, म्हणजे एका सीनचे वेगवेगळे शॉट एकमेकांशी जुळतात ना, ते बघायचं. लोकांना वाटतं, ही वही घेऊन बसलेली बाई काय करते? तुला एक सीन सांगते. सासू चुलीपुढे भाकरी थापतेय, सून पाण्याची कळशी घेऊन आत येते, दोघींची चार वाक्यं. पडद्यावर जेमतेम एक मिनिट. आम्हाला अर्धा दिवस लागतो. आधी लांबून सगळी खोली घ्यायची, मग सासूचा क्लोज, मग सुनेचा, मग तव्याचा. सासूने "एवढा उशीर?" म्हणताना भाकरी उलटली असेल, तर प्रत्येक वेळी त्याच शब्दाला उलटली पाहिजे. दर टेकला तव्यावर नवी भाकरी. माझ्या वहीत लिहिलेलं असतं: पदर कमरेला खोचलेला, उजव्या हाताला पीठ मनगटापर्यंत, काठवटीत दोन उंडे, टोपल्यात तीन भाकऱ्या, वरची किंचित करपलेली. जेवणाच्या सुट्टीनंतर सूर्य सरकलेला असतो. मग लाईटवाले दादा बाहेर मोठा लाईट उभा करून खिडकीतून सकाळचं ऊन पुन्हा आणतात. आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गावातली एक मावशी काठवट घेऊन पीठ मळत बसलेली असते, कारण नटीला भाकरी थापता येतेच असं नाही. हाताचा क्लोज पुष्कळदा त्या मावशीचाच असतो. पडद्यावर तिचं नाव येत नाही. म्हणून पुढे कधी कोणी "जरा भाकरी करून द्या ना" म्हणत तुमच्या दारात आलं, तर आईला सांग, आधी पैसे ठरवायचे.

आता साउंडचं ऐक. हल्ली बरेच मराठी सिनेमे सिंक साउंडमध्ये होतात. म्हणजे नंतर स्टुडिओत डबिंग नाही, जागेवर बोलले तेच वापरायचं. धनगराच्या भटकंतीवरचा आपला 'ख्वाडा' आठवतो? त्याला २०१४ सालचा सिंक साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माळरान, मेंढरं, वारा यांच्यातून माणसाचं बोलणं स्वच्छ पकडायचं, हे सोपं नाही. शहरातून आलेला रेकॉर्डिस्ट गावात उतरला की आधी कानात हेडफोन घालून उभा राहतो आणि विचारतो, "हा घुमणारा आवाज कसला?" तो असतो शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीचा. मग धावपळ. मोटार कोणाची, तो माणूस कुठे गेलाय, बंद करायला कोण सांगणार? हे सगळं तुला न विचारता माहीत असतं. या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज दिवसा आहे की रात्री, देवळाचा भोंगा कधी लागतो, दुधाची गाडी किती वाजता येते, हे तुला तोंडपाठ आहे. मुंबईच्या असिस्टंटला ते गोळा करायला दोन दिवस लागतात. पोरी, हे भांडवल आहे. सेटवर "मी खेड्यातली" म्हणून मान खाली घालून उभी राहिलीस, तर मला राग येईल.

बायका या कामात नव्या आहेत, असं कोणी सांगितलं तर त्याला सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांग. त्यांच्या यजमानांचा, दादासाहेबांचा, 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याआधी दादरच्या घरात कोरी फिल्म अंधारात बसून भोकं पाडून तयार करणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड टाकणं, हे सगळं सरस्वतीबाईंनी केलं. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. आजच्या हिशेबाने त्या एकटीत लॅब, लाईट आणि प्रॉडक्शन अशी तीन खाती होती. शाळेच्या पुस्तकात दादासाहेब मोठे, आणि त्या एखाद्या ओळीत.

कपड्यांचं खातं घ्यायचं मनात असेल तर कोल्हापूरच्या भानू अथय्या लक्षात ठेव. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. पण कपड्यांचं काम म्हणजे नुसतं डिझाईन नाही. तीस जणांच्या घोळक्यात कोणाचं धोतर मळकं, कोणाचं नवं, शेतकऱ्याच्या सदऱ्याला घामाचे डाग कुठे पडतात, एखाद्या आजीचं लुगडं किती वेळा धुतलेलं दिसायला हवं, हे ठरवणं. नवी साडी चहाच्या पाण्यात बुडवून, दगडावर घासून जुनी करावी लागते. शिवणकामाचा आयटीआय करून आलेल्या मुली इथे फार लवकर रुळतात, कारण शॉटच्या दोन मिनिटं आधी ब्लाऊज उसवला तर डिझायनरला नव्हे, सुई चालवणारीला हाक मारतात.

मेकअपची तर वेगळीच कथा. मुंबईच्या मेकअप संघटनेत पन्नासहून जास्त वर्षं एक रीत होती. मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस करायचे. बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नसत. चारू खुराना नावाच्या मेकअप आर्टिस्टने कोर्टात दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. तारीख बघ. फार जुनी गोष्ट नाही ही. आज एखाद्या सेटवर मुलगी नटाच्या चेहऱ्याला हात लावते, ती या निकालामुळे. म्हणून "आमच्यात बायका हे काम करत नाहीत" असं कोणी म्हणालं, की घाबरू नकोस आणि भांडूही नकोस. निकालाची तारीख सांग आणि कामाला लाग.

आता हळूच सांगायच्या गोष्टी. पहिली, लघवीची. हसू नकोस. आउटडोअरला व्हॅनिटी असते ती कलाकारांची. आपल्यासाठी सोय असेलच असं नाही. मग मुली काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या अडचणींवरचा केरळमधल्या हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला, त्यात हेच लिहिलंय, सेटवर बायका तासन् तास पाणी पिणं टाळतात आणि आजारी पडतात. मी पण हे करून दवाखाना गाठलाय. तू करू नकोस. काम घेतानाच प्रॉडक्शनला स्वच्छ विचार, "लोकेशनला लेडीज टॉयलेटची काय सोय आहे?" विचारणारी एक असली की बाकीच्या चौघी मनातून आभार मानतात.

दुसरी, रात्रीची. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, पण पॅकअप लांबतं. रात्री उशिरा घरी सोडायला गाडी आहे का, हे आधी ठरवून घे. "बघू गं, करू काहीतरी" हे उत्तर नव्हे. आणि कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की तक्रार समिती असलीच पाहिजे. पहिल्याच दिवशी समितीत कोण आहे ते विचारून ठेव. वेळ आल्यावर शोधायला जमत नाही.

तिसरी, पैशांची. टीव्हीत काम करून साधारण नव्वद दिवसांनी पैसे हातात पडतात. म्हणजे जूनमध्ये राबलीस तर गणपतीनंतर मिळाले तर मिळाले. पहिले तीन-चार महिने भाडं आणि जेवणाची तजवीज करूनच मुंबई गाठ. दर, दिवस आणि तारीख व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घे. एक मालिका मध्येच बंद झाली तेव्हा माझे पैसे मिळाले ते फक्त जुने मेसेज दाखवता आले म्हणून. माझ्यासोबतच्या मुलीने सगळं तोंडी ठरवलं होतं. तिचे बुडाले. आणि पैसे देताना टीडीएस कापतात. रिटर्न भरलंस तर त्यातलं बरंचसं परत मिळतं. ते पैसे सोडू नकोस, तुझ्या घामाचे आहेत.

शिकायचं कुठे? लांब जायला हवंच असं नाही. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजचा विभाग आहे. नागराज मंजुळे तिथेच शिकला. 'पिस्तुल्या' ही त्याची शॉर्टफिल्म तिथल्या दिवसांतली, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात एफटीआयआय आहे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर. तिथे मोठे कोर्स आहेत तसे थोड्या दिवसांचेही असतात. हे दोन्ही जमलं नाही तरी अडत नाही. इलेक्ट्रिशियनचा, सुतारकामाचा, शिवणाचा आयटीआय केलेली पोरं लाईट, आर्ट आणि कपड्यांत सरळ कामाला लागतात. सर्टिफिकेटपेक्षा हातात काय येतं ते सेटवर लगेच कळतं. आणि आता मालिका काही मुंबईतच होत नाहीत. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे झाली. कोल्हापूर, वाई, नाशिक, सगळीकडे युनिट जातात. सुरुवात गावाजवळच्या युनिटला करणं जास्त बरं.

आई विचारेल, "लोक काय म्हणतील?" तिला सांग, इथे बहुतेक माणसं आपल्यासारखीच आहेत. सकाळी सहाला उठतात, डबा खातात, घरी पैसे पाठवतात. लग्नाचं विचारेल तर खरं सांग, रात्री उशिरापर्यंत काम असतं, सणाला सुट्टी मिळेलच असं नाही, आणि हे समजून घेणारं घर शोधावं लागेल. खोटं सांगून निघालीस तर पहिल्या रात्रपाळीलाच फोन सुरू होतील. आईला एकदा सेटवर आणून दाखव. माझ्या आईने लाईटवाल्या दादांना लाईट घेऊन वर चढताना पाहिलं आणि घरी गेल्यावर सगळ्यांना सांगितलं, "हे तर कष्टाचं काम आहे." त्यानंतर माझ्या कामावरून घरात कधी वाद झाला नाही.

तेव्हा परीक्षा संपली की आधी एक खातं ठरव आणि मला सांग. त्या खात्यातल्या एखाद्या चांगल्या माणसाशी तुझी गाठ घालून देते. पहिलं काम आलं की होकार देण्याआधी तो मेसेज मला पाठव. दर किती, तास किती, रात्रीची गाडी आहे का, पैसे कुठल्या तारखेला, या चारही गोष्टी त्यात लिहिलेल्या असल्या तर खुशाल जा. एखादी राहिली असेल तर आधी विचार, मग हो म्हण. विचारलं म्हणून काम जात नाही, आणि जे विचारल्यामुळे जातं ते तुझ्या कामाचं नव्हतंच.