छत, छप्पर आणि छत्र

‘छत’ हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. घोटाळा होतो तो तेथेच. उर्दू बोलताना आपण ‘छत पर’ पतंग उडवतो. मराठीत मात्र पतंग गच्चीवर उडवतात! छत म्हणजे बहुधा घरात बसून वर पाहिले की दिसते ते. पंखा छताला टांगतात. कोकणातल्या घरांवर उतरते छप्पर असते, कौलांचे किंवा गवताचे. पावसाळ्यापूर्वी ते शाकारतात, म्हणजे फुटकी कौले बदलतात, नवे गवत घालतात. राजाच्या डोक्यावर धरत ते छत्र. आपली छत्री त्याच शब्दावरून आली. पण ‘त्याचे पितृछत्र हरपले’ असे कोणी सांगितले, तर छत्री हरवली असे समजून हसू नका. त्या मुलाचे वडील वारले आहेत.