वाढवण्याआधी मोजा

अजमानच्या जर्फ भागातल्या एका कामगार-निवासाचं नेटवर्क मी सांभाळतो. रात्री आठला, म्हणजे गावाकडे साडेनऊला, घरी कॉल लावायची झुंबड उडते आणि नेमकं तेव्हाच नेट बसायचं. राउटर लिनक्सवर चालणारा, मेमरी अवघी 64 एमबी. कर्नलच्या लॉगमध्ये एकच तक्रार: कनेक्शनचं टेबल भरलं, पॅकेट टाकून देतोय. आधीच्या कंत्राटदाराने टेबलाची मर्यादा 65,536 वर नेली. तक्रार थांबली, पण आता मेमरीच संपू लागली आणि जागा मोकळी करायला कर्नल फोनना आयपी पत्ते देणारा प्रोग्रामच मारू लागला.

हिशेब साधा आहे. एका नोंदीला सुमारे 300 बाइट धरले, तरी भरलेलं टेबल 19 एमबी खातं. ही मेमरी कर्नलची, त्यामुळे 'टॉप'मध्ये ती कुठल्याच प्रोग्रामच्या नावावर दिसत नाही. म्हणून आधी 'स्लॅबटॉप' चालवा आणि खाणारा कोण ते पाहा.

मग मर्यादेला नव्हे, मुदतीला हात घाला. लिनक्समध्ये जुळलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद मूळ सेटिंगनुसार 4,32,000 सेकंद, म्हणजे पाच दिवस राहते. वायफायच्या टप्प्याबाहेर गेलेल्या फोनच्या नोंदीही तशाच पडून राहतात. आम्ही मुदत 7,440 सेकंदांवर आणली. त्याखाली जाऊ नका: आरएफसी 5382 किमान 2 तास 4 मिनिटं सांगते, नाहीतर शांत पडलेली, पण चालू असलेली कनेक्शनं तुटतात.

त्यानंतर पॅकेटांच्या रांगा पाहा. त्या सांभाळणाऱ्या 'एफक्यू-कोडेल'ची मूळ मेमरी-मर्यादा 32 एमबी, म्हणजे आमच्या राउटरची निम्मी मेमरी! राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सने ती 4 एमबीवर आणली आहे, तीच घ्या. लांब रांगेने वेग वाढत नाही, कॉल मात्र अडखळतो.

टीसीपीच्या मेमरीची मर्यादा ठरवणाऱ्या 'टीसीपी-मेम'च्या वाटेला जाऊच नका. ती मर्यादा राउटरच्या स्वतःच्या कनेक्शनांना लागते, पुढे पाठवलेल्या पॅकेटांना नाही. शिवाय तिचे आकडे बाइटमध्ये नसून मेमरीच्या पानांत असतात. एक पान सहसा 4 केबीचं.

एका वेळी एकच आकडा बदला, जुना लिहून ठेवा आणि तपासणी गर्दीच्या वेळीच करा. दुपारी रिकाम्या नेटवर्कवर सगळंच नीट चालतं.