केअर प्लॅनमधला मे महिना

सालेकसा, २० एप्रिल

चि. बेटा,


तुझा केअर प्लॅन दोनदा वाचला. सिस्टिक फायब्रोसिसचा बालपेशंट पहिल्यांदाच सांभाळते आहेस, तरी घट्ट कफ, न वाढणारं वजन, तेलकट शौच, सगळं नीट टिपलंस. नेब्युलायझरचा क्रमही बरोबर: आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, मग खारं पाणी, मग पाठ थापटणं, अँटिबायोटिक शेवटी. पण बेटा, यात आपला उन्हाचा आणि तेंदूपत्त्याचा मे महिना कुठेच नाही.

या आजाराच्या मुलांच्या घामातून मीठ फार जातं. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून दवाखान्यात आलेल्यांत या आजाराची बरीच मुलं निघाली. त्या धाग्यावरून डॉ. पॉल डी सांताग्नीझ आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये घामातलं जास्तीचं मीठ दाखवून दिलं. आजही निदानात घामाची तपासणीच मुख्य असते. अंगातलं मीठ उतरलं की यांना तहानही पुरेशी लागत नाही. म्हणून ‘तहान लागेल तेव्हा पाणी द्या’ हे वाक्य खोड. नुसतं पाणी पुरत नाही. मीठ किती वाढवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घे.

माझ्या वॉर्डात एक मुलगा होता. कपाळावर पांढरी पूड, कॉलर वाळून कडक. आई म्हणाली, ‘‘याचा पापा घेतला की ओठ खारट होतात.’’ तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. खोकला दिसला म्हणून टीबीची औषधं चालली होती.

तुझ्या पेशंटसाठी तू लिहिलंस, ‘सकाळी सातला आई फिजिओथेरपी करेल.’ मे महिन्यात ती उजाडायच्या आत तेंदूपत्त्याला जंगलात गेलेली असेल. आल्यावर दुपारभर पुडके बांधणार. मग पाठ थापटणार कोण? घरी आजी आहे ना, तिला शिकव. तळहात ओंजळीसारखा पोकळ हवा, आणि जेवणाआधी.

एन्झाइमची कॅप्सूल मात्र जेवायला बसतानाच, मधल्या खाण्यालाही. गिळता येत नसेल तर उघडून दाणे सफरचंदाच्या थंड गरात दे. गरम वरणभातात कालवायचे नाहीत, चावायचेही नाहीत. तेल-तूप कमी करू नकोस, या पोराला ते जास्तच लागतं.

‘आमच्याच घरी का?’ असं आई विचारेलच. सिकलसेल आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच उदाहरण दे. आई-बाप दोघेही वाहक, दोघेही ठणठणीत, आणि प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची चारात एक शक्यता. दोष कुणाचाच नाही, हे आजीसमोर सांग. बोलणी सुनेलाच बसतात.

तेंदूच्या दिवसांचं पान वेगळं लिही आणि मला पाठव. त्याआधी एकदा घरी जाऊन आजीचा हात कसा पडतो ते बघून ये.

तुझी,
आत्या