एकाच दिवशी दोन मिरवणुका

2023 साली मी पाचवीत होतो. त्या वर्षी 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. आमच्या लेझीम पथकात सर्वांत पुढे असतो तो माझा मित्र मुसलमान आहे. तो म्हणाला, "मी नाही येणार, आमचा जुलूस आहे." मला वाईट वाटले. खरं सांगतो, थोडा रागही आला.

असे का झाले ते गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवले. ईद-ए-मिलाद चंद्रकोर दिसल्यापासून बाराव्या दिवशी येते. कोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसते, म्हणजे हा दिवस चतुर्दशीच्या आसपासच पडतो. पण मुसलमानी वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. आपल्या पंचांगात मधूनमधून अधिक महिना येतो, त्यांच्यात येत नाही. म्हणून महिने जुळतात तेव्हा दोन-तीन वर्षे सण शेजारी येतात, मग पुन्हा लांब जातात.

आमच्याकडे दोन्ही मिरवणुकांचा रस्ता एकच, मशिदीवरून नदीकडे. पारावर मोठी माणसे हळू आवाजात बोलू लागली. तेव्हा पोलीस पाटील तालुक्याला शांतता समितीच्या बैठकीला गेले. बरोबर गणेश मंडळाचे अध्यक्ष आणि मौलाना होते, तिघे एकाच जीपमधून गेले! पोलीस पाटील सांगत होते, साहेबांनी हुकूम सोडला नाही, "तुम्हीच ठरवा, बंदोबस्त आम्ही देतो," एवढंच म्हणाले. जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले. मुंबईतही मुस्लिम पुढाऱ्यांनी तसेच ठरवले होते आणि सरकारने 29 तारखेची सुट्टी दिली. मित्र लेझमीला आला. दुसऱ्या दिवशी मी जुलूसमध्ये सरबत वाटले.

पोलीस म्हटलं की आम्हाला काठीच आठवायची. पण गुरुजींनी भिवंडीची हकिगत सांगितली. तिथे 1970 आणि 1984 साली मोठे दंगे झाले. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या नेमल्या. त्यात दोन्ही धर्मांची साधी माणसे पोलिसांबरोबर बसून बोलत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, पण जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. मुंबईतल्या माहीमच्या मखदूम बाबांच्या दर्ग्यावर तर जत्रेची पहिली चादर पोलीसच चढवतात, बँड लावून! हे ऐकून आमचा वर्ग चकितच झाला.

2024 आणि 2025 सालीही हे दोन सण एका दिवसाच्या अंतराने आले आणि मुंबईत जुलूस पुन्हा पुढे गेला. मित्राने मला विचारले, "दर वेळी आम्हीच का रे थांबायचं?" मला उत्तर देता आले नाही. मी पोलीस पाटलांना विचारले. ते जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी खिशातली वही काढली आणि पुढच्या बैठकीसाठी तो प्रश्न लिहून घेतला.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी